आमच्या मळ्यावरचा ठिपका

जमीन पहिल्यांदा हलली तेव्हा मी वांग्याच्या वाफ्यात बसून बिडी ओढत होतो. आयुष्यातली पहिली बिडी. दुसरा झुरका घेतला आणि भरलेली बैलगाडी पायाखालून कुणी दडदडत न्यावी तसा आवाज आला. वांगी देठांवर डोलली, विहिरीच्या काठावरची बादली कलंडली, आणि इंजिनाच्या छपराचे पत्रे थंडीनं दात वाजावेत तसे वाजले. देव माझ्या प्रत्येक बारीक कृत्यावर नजर ठेवून असतो अशी त्या वयात माझी खात्री होती. त्यामुळे सातपुडा हलवायला माझी एक बिडी पुरली, हे मला तिथल्या तिथे पटलं. बिडी मातीत खुपसून मी घराकडे पळालो. वाटेत जो भेटला तो आभाळाकडे पाहत होता. जमीन हलल्यावर माणसं वर का पाहतात, हे मला अजूनही कळलेलं नाही.

आमचं गाव संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावात एक जुनी रीत होती. काही आक्रीत घडलं, गाय दगावली, वीज पडली, की ज्याच्या मनाला काही टोचत असेल त्यानं मारुतीच्या ओट्यावर ज्वारीचं माप ओतायचं. काय टोचतं ते सांगायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही. ही सोय मोठी होती. देवाला कारण कळे, सखाराम गुरवाला ज्वारी मिळे आणि गावाला महिनाभराचा विषय मिळे. त्या संध्याकाळी सगळं गाव ओट्याभोवती जमलं. ज्यांनी दुसऱ्याचे बांध कोरले होते ते डोळे मिटून हात जोडून उभे राहिले. ज्यांनी भावाला फसवून जमीन नावावर केली होती त्यांनी मोठ्यानं आरती म्हटली. आणि मी, गावातला सर्वांत छोटा गुन्हेगार, घरातून पायलीभर ज्वारी आणून सगळ्यांच्या देखत ओट्यावर ओतली.

दादा, म्हणजे माझे वडील, मला हाताला धरून घरी घेऊन गेले.

"काय केलं बे तू?"

"काई नाई."

"मंग पायली कायची ओतली? पसाभर ओतली असती तं लोकायनं समजून घेतलं असतं."

माय चुलीपुढून म्हणाली, "देवाच्या नावानं ओतली त्यानं. तुमाले दोन दाने टाकाले सुचलं काय?"

"मले काऊन सुचन? मी काय केलं?"

आमच्या घरातली बहुतेक भांडणं या वाक्यापाशी येऊन थांबत. दादा भाजीपाल्याचे बागाईतदार. वांगी, मिरच्या, कांदे. दर बाजाराला माल घेऊन संग्रामपूरला जात आणि येताना जिलेबी आणत. माणूस सरळ होता, पण आपली सरळ चाल लोकांनी पाहावी अशी त्यांची अपेक्षा असे. त्या दिवसांत तर जास्तच, कारण ताईचं लग्न जमत आलं होतं.

सुमनताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. डोंगराच्या कुशीतल्या खैरखेड गावचे श्रीपतराव, संत्र्याच्या मोठ्या बागेचे मालक, आपल्या मुलासाठी तिला पाहून गेले होते. मुलगा प्रभाकर तिथल्याच शाळेत मास्तर होता. पसंती झाली होती आणि साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस तेवढा ठरायचा होता. ताईला कुणी काही विचारलं नव्हतं, पण पाहुणे गेल्यावर भरताची वांगी तुराट्यांवर भाजताना तिनं मला विचारलं होतं, "त्यायच्या सायकलीले घंटी व्हती काय रे?" मी होती म्हटलं. तिनं वांगं उलटलं. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे भरीत फार चांगलं होत होतं.

जमीन मात्र थांबेना. दर दोन-चार दिवसांनी एखादा हलका धक्का, फडताळातली भांडी खुळखुळतील इतपत. कोयनेच्या भूकंपानंतरची ती वर्षं. सरकारला जमिनीची अचानक फार काळजी वाटू लागली होती. एके दिवशी धुरळा उडवत एक जीप आली आणि तिच्यातून पुण्याचे लिमये साहेब उतरले. शिडशिडीत, चष्मा, अर्धी विजार आणि जाड मोजे. त्यांच्याकडे लाकडी पेट्यांतून आणलेली भूकंप टिपण्याची तीन यंत्रं होती. एक त्यांनी जळगाव जामोदच्या विश्रामगृहात ठेवून आणलं होतं. दुसऱ्यासाठी त्यांना खडकावर बसलेलं घर हवं होतं. आमच्या मागच्या कोठीचा पाया खणताना दादांच्या दोन पहारी वाकल्या होत्या, हे गावाला पाठ होतं. साहेबांनी कोठीच्या जमिनीवर टाच आपटून पाहिली आणि "उत्तम" म्हणाले. दादा खूश झाले. आपल्या घराला कुणीतरी पुण्याहून येऊन उत्तम म्हटलं, हे त्यांनी त्याच दिवशी बाजारभर सांगितलं.

यंत्र म्हणजे एक नळकांडं, घड्याळाच्या चावीवर हळूहळू फिरणारं. त्याला काजळी धरलेला कागद गुंडाळायचा. एक बारीक सुई त्या काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढत राहायची. जमीन हलली की रेघ थरथरायची. रोज नवा कागद काळा करावा लागे आणि साहेब तो रॉकेलच्या भडक्यावर धरत. कागदावर कुठे ढग तर कुठे चट्टे. मी धरला तर कडेला अंगठ्याचा ठसा हमखास उठे. दोन दिवस हे पाहून ताईनं बाळाचं काजळ पाडतात तसा एरंडेलाचा दिवा लावला, वर कागद फिरवला, आणि तो मखमलीसारखा एकसारखा काळा करून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी चष्मा काढून पाहिला, परत लावून पाहिला. तेव्हापासून ते काम ताईकडे गेलं आणि तिची बोटं कायम काळी राहू लागली. मायला त्याची चिंता लागली. "साक्षगंधाले काय दाखवशीन, हे हात?"

मला साहेबांनी मदतनीस नेमलं. ते पहिल्याच दिवशी मळ्याच्या वाटेवर म्हणाले, "वसंता, मोठा धक्का बसून गेल्यावर जमीन लहान लहान धक्के देत राहते. आत जी भेग सरकली, तिच्याच अंगानं ते येतात. भेग आपल्याला दिसत नाही. पण प्रत्येक धक्का कुठून आला ते नकाशावर मांडत गेलं, की ठिपक्यांतून भेगेचा आकार उमटतो. कळलं?"

"हाव."

"मग अंतर कसं कळतं, सांग."

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागलो.

"एका बाजारातून दोन माणसं एकाच वेळी निघाली. एक सायकलवर, एक पायी. तुझ्या दारात सायकलवाला आधी येणार. चालणारा किती उशिरा येतो त्यावरून बाजार किती लांब ते सांगता येईल की नाही? धक्क्यातूनही दोन लाटा निघतात. एक वेगवान, एक संथ."

हे मला समजलं, कारण बाजारातून मी नेहमी पायी येत असे. दोन लाटांमधलं अंतर मोजायचं, त्यावरून जेवढं लांब निघेल तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ आपल्या गावाभोवती काढायचं. जळगाव जामोदच्या कागदावरून तसंच दुसरं वर्तुळ. दोन्ही जिथे छेदतील तिथे धक्का. अडचण एवढीच, की दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. एक जागा गावाच्या वर डोंगरात निघायची आणि दुसरी खाली, सपाटीवर. खरी कोणती ते ठरवायला तिसरं वर्तुळ हवं. म्हणून तिसरं यंत्र खैरखेडला ठेवायचं होतं, श्रीपतरावांच्या दगडी ओसरीत.

श्रीपतरावांनी ते ओसरीवर चढू दिलं नाही. साहेबांबरोबर जीपमधून मी गेलो होतो. होणाऱ्या व्याह्याचा मुलगा म्हणून मला दूध मिळालं. साहेबांना नुसतं पाणी.

"साहेब, तुमची पेटी त्यायच्या गावात आली तवापासून तिथं रोज जमीन हालून राह्यली," श्रीपतराव म्हणाले.

"अहो, आधीपासूनच हलते आहे. पेटी फक्त टिपून ठेवते."

"आमच्या गावात टिपाले काईच नाई. सज्जन गाव हाय."

परत येताना साहेब जीप नुसती दामटत राहिले. आपल्या पायलीभर ज्वारीची बातमी खैरखेडपर्यंत पोचली असेल का, हा एकच विचार मला पोखरत होता.

तिसऱ्या यंत्राविना साहेबांनी काम सुरू केलं. पहिल्याच चांगल्या धक्क्याची दोन वर्तुळं मी कंपासानं काढली. एक छेद डोंगरात पडला, एक गावाच्या दक्षिणेला. साहेबांनी बराच विचार केला. धक्का बसल्याच्या बातम्या आपल्याकडे कुठून आल्या? सगळ्या सपाटीच्या गावांतून. डोंगरातून एकही नाही. म्हणून तूर्त खालचा छेद धरू, असं त्यांनी ठरवलं. डोंगरातल्या कोरकूंच्या पाड्यांना कुणी विचारलंच नव्हतं, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं की नाही, ते मला आठवत नाही, आणि न आठवण्याचंही मला वाईट वाटतं. साहेबांनी लाल शाईचा ठिपका दिला. एका इंचाला एक मैल असा तो नकाशा. ठिपका बरोबर आमच्या मळ्यावर पडला.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण साहेबांना लोकशिक्षणाची हौस होती. कामाचा नकाशा ते पारदर्शक कापडावर उतरवून पत्र्याच्या नळीत ठेवत, आणि एक मोठा नकाशा त्यांनी आमच्या ओसरीच्या भिंतीवर लावला. कुणीही यावं आणि पाहावं. गाव आलं. चहा माय करत होती.

सखाराम गुरवानं नकाशापुढे उभं राहून आधी सवयीनं हात जोडले. मग विचारलं, "वसंता, हा लाल ठिपका कायचा?"

"धक्का तिथून आला."

"आन ते तिथं काय हाय?"

मी खरं बोललो. मला दुसरं काही येत नव्हतं. "आमचा मळा."

गुरवानं माझ्याकडे पाहिलं, मग दादांकडे, मग पुन्हा ठिपक्याकडे. पायली आणि ठिपका त्याच्या डोक्यात एकमेकांना भेटताना मला स्पष्ट दिसले. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. इतकी वर्षं ओट्यावर ज्वारी ओतायची आणि कुणाचं काय चुकलं ते नुसतं ताडायचं, असा अंदाजपंचे कारभार होता. आता सरकारनं पुण्याहून माणूस पाठवून शास्त्रशुद्ध सोय केली होती. ज्याच्या जमिनीत दोष, त्याच्यावर ठिपका. त्यानंतर प्रत्येक धक्क्याला लोक ओट्यावर जायचे ते आमच्या ओसरीवर येऊ लागले. ज्वारीची आवक थांबल्यामुळे गुरव आधी नाराज झाला, पण लवकरच हातात काडी घेऊन तोच नकाशा समजावून सांगू लागला. त्याला नवं काम लागलं.

आमच्या मळ्याच्या आसपास ठिपके वाढले. एक सरपंचांच्या विहिरीजवळ पडला. सरपंच दुपारी साहेबांकडे आले, बसले, भाजीच्या भावावर बोलले, आणि उठताना म्हणाले, "साहेब, तो ठिपका वाईच खाली घेता येईन काय? तिथं गायरान हाय. कोनाचंच नाई." गावातली दोन घरं बांधावरून पिढीभर भांडत होती. त्यांनी ठिपका बांधाच्या नेमका कुठल्या बाजूला आहे ते पाहायला भिंग मागितलं. किसनकाका, दादांचे चुलतभाऊ आणि गावचे किराणा दुकानदार, रोज सकाळी दारातून ओरडून विचारत, "दादा, आज किती निघाले? का उधारीवर हाय?" दादांनी त्यांच्या दुकानातून मीठ घेणं बंद केलं. तेव्हापासून आम्ही संग्रामपूरचं मीठ खाऊ लागलो.

साहेबांना यातलं काहीही समजत नव्हतं. लोक नकाशा इतक्या आस्थेनं पाहतात, हे ते वरच्या अधिकाऱ्यांना कौतुकानं कळवत असत.

आणि मग खैरखेडहून निरोप आला. श्रीपतरावांनी माणसाबरोबर सांगून पाठवलं, की मुलगी चांगली आहे, घरही चांगलंच असेल, पण जमिनीखालचं कोण सांगणार. तूर्त साक्षगंध राहू द्यावं. दादा खाटेवर बसले ते उठलेच नाहीत. मायनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. ताई कोठीत कागद काळा करत होती. मी दारात उभा राहिलो.

"ताई, माह्यामुळं झालं."

"काय झालं तुह्यामुळं?"

मी तिला बिडीचं सांगितलं. त्या दिवसाचं, वाफ्याचं, दोन झुरक्यांचं, सगळं. तिनं कागद दिव्यावरून काढला आणि इतका वेळ माझ्याकडे पाहिलं की मला रडू यायला लागलं.

"तुह्या बिडीनं डोंगर हालला?"

मी मान हलवली.

"येडा हायस तू. सगळं आपल्याच अंगावर घेतोस, दुसऱ्याले काई ठेवतच नाईस." मग हळूच म्हणाली, "ते साहेब म्हनतात ना, दोन जागा निघतात म्हनून. मंग खरी जागा कोनती ते ठरवाले तिसरी पेटी लागते ना?"

"हाव. पन श्रीपतराव ठेवू देत नाई."

"घरात नाई ठेवू देत. शाळा काय त्यायच्या बापाची हाय?"

ती श्रीपतरावांबद्दल बोलत होती की प्रभाकरबद्दल, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं खैरखेडला गेलो आणि शाळा सुटल्यावर प्रभाकर मास्तरांना गाठलं. ते माझं ऐकताना सायकलीची घंटी उगाच वाजवत होते. श्रीपतरावांनी यंत्र नाकारलं म्हणून तिसरं वर्तुळ नाही, तिसरं वर्तुळ नाही म्हणून चुकीचा ठिपका, चुकीच्या ठिपक्यामुळे श्रीपतरावांनी लग्न नाकारलं, असं मी त्यांना खडूनं शाळेच्या भिंतीवर काढून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "शाळेच्या मागं खडकावर एक खोली हाय. लाकडं ठेवतात. ती मी रिकामी करतो. बापाले मी पाहून घेईन."

साहेबांनी तिसरं यंत्र तिथे बसवलं आणि मास्तर ते सांभाळू लागले. त्यांचे कागद रोज एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचे. पहिला कागद पाहून ताईनं कपाळाला हात लावला. चट्टेच चट्टे, आणि चारही कोपऱ्यांना बोटांचे ठसे. मी समोर असूनही ती कागदाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्यायले सांग, एरंडेल वापरा. आन कागद दोरीनं टांगून धरा, हातानं नाई." मी हा निरोप कंडक्टरला सांगितला. कंडक्टरनं तो बसमधल्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल असा मास्तरांना सांगितला. पुढच्या आठवड्यात तिकडून निरोप आला, की एरंडेल वापरलं, आता सुधारणा आहे काय. ताई म्हणाली, "जरा हाय." मास्तरांनी त्या "जरा हाय"वर पंधरवडा काढला. आजकाल मुलंमुली फोनवर तासन्‌तास बोलतात, ते पाहून मला त्या कंडक्टरची आठवण येते.

मग एका दुपारी, आम्ही पंगतीला बसलो असताना, चांगला धक्का बसला. पाण्याचे तांबे घरंगळले. तिन्ही यंत्रांवर रेघ उमटली. कागद आल्यावर मी तीन वर्तुळं काढली. तिसरं वर्तुळ खालच्या छेदाच्या जवळपासही गेलं नाही. ते वरच्या छेदातून गेलं, डोंगरातून, इतकं नेमकं की साहेबांनी कंपास माझ्या हातातून घेऊन स्वतः परत फिरवलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांतले सगळे धक्के वरच मिळाले आणि त्यांची एक रांग तयार होऊ लागली. साहेबांनी मायचं सूप मागून घेतलं आणि भिंतीला तिरकं टेकवलं.

"भेग अशी आहे," ते म्हणाले. "वरची कड पायथ्याशी, आणि आत उत्तरेकडे उतरत जाते. डोंगरात जावं तसे धक्के खोल खोल होतात. जमिनीखाली कित्येक मैल. बघ, केवढं सुंदर आहे."

माय म्हणाली, "सूप सुंदरच हाय. पन मले दाने पाखडाचे हायत."

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर आमच्या मळ्यातले जुने ठिपके खोडले आणि नवे वर दिले. गावानं सुटकेचा निःश्वास सोडला. सरपंचांनी पेढे वाटले. डोंगरातल्या लोकांनी काय पाप केलं असेल यावर ओट्यावर चर्चा सुरू झाली, आणि तिच्यात माझ्यासकट कुणाला काही खटकलं नाही. फक्त ती रांग डोंगराच्या कडेनं वळत खैरखेडपर्यंत गेली होती. तिथले तीन ठिपके श्रीपतरावांच्या संत्र्याच्या बागेवर होते.

श्रीपतराव स्वतः आले. बैलगाडीत संत्र्यांची टोपली, डोक्याला नवा फेटा. गाव आमच्या अंगणात गोळा झालं. त्यांनी नकाशा पाहिला, गुरवाच्या काडीनं आपली बाग ओळखली, आणि साहेबांना हळूच म्हणाले, "बोटभर सरकवा. जास्त नाई."

साहेब म्हणाले, "बोटभर म्हणजे जवळजवळ मैल होतं हो. आणि मी सरकवणारा कोण?"

मग श्रीपतराव दादांकडे वळले. "दादा, झालं गेलं सोडा. आता दोनी घरं सारखीच. साक्षगंधाचा दिवस काढू."

मला वाटलं, झालं. पण गेले दोन महिने दादांनी किसनकाकांची आरोळी आणि संग्रामपूरचं मीठ सोसलं होतं. ते ओसरीच्या पायरीवर उभे राहिले, नकाशावर बोट ठेवलं आणि जितकं हळू बोलता येईल तितकं हळू बोलले.

"सारखीच कशी? आमचे ठिपके खोडले साहेबानं. तुमचे हायत. ठिपक्याच्या घरात मी पोरगी देत नाई."

किसनकाकांनी दाद दिल्यासारखी मान हलवली. श्रीपतरावांचा नवा फेटा मला एकदम फार मोठा दिसू लागला. माय दारात उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला. ताई कुठे होती ते मी पाहिलं नाही. वडीलधारे लोक ही गोष्ट मिटवायला म्हणून श्रीपतरावांना आणि दादांना मारुतीच्या ओट्यावर घेऊन गेले, आणि त्यांच्या मागोमाग सगळं अंगण गेलं. साहेब खाली मान घालून नळीत आपलं कापड गुंडाळत बसले. त्यांना दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी त्यांच्या पेट्या बांधायला जीपकडे गेलो.

परत आलो तेव्हा ओसरीच्या भिंतीवर नकाशा नव्हता. कोठीतून एरंडेलाचा वास येत होता. आत ताई होती, दिवा होता, आणि दोरीनं टांगलेला नकाशा होता. ती त्याखाली दिवा फिरवत होती, शांतपणे, रोजच्यासारखी. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आमचा मळा गेला होता, सरपंचांची विहीर गेली होती, संत्र्याची बाग जात होती. संग्रामपूर तेवढं राहिलं होतं, तेही तिनं काळं केलं. मग दिवा फुंकला आणि माझ्याकडे पाहिलं. भीती तिच्या तोंडावर नव्हती.

बाहेर लोक परतत होते. मी नकाशा दोरीसकट उचलला, ओसरीत नेला आणि खिळ्याला टांगला. दादा पायरीवर थबकले.

"कोनी केलं हे?"

"मी," मी म्हणालो.

माझ्यावर अविश्वास दाखवणं कुणाच्या मनातही आलं नाही. पायली ओतणारं पोरगं. दादांनी माझ्या कानशिलात दिली, तिचा आवाज आमच्या कोठीतल्या यंत्रानं टिपला असेल. दुसरी देण्याआधी श्रीपतरावांनी त्यांचा हात धरला. ते काळ्या नकाशाकडे पाहत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. भर गावात एका पोरानं आपल्या बागेवरचे ठिपके पुसून टाकले, आणि त्यापायी स्वतःच्या बापाचा मार खाल्ला, असंच त्यांना वाटलं.

"मारू नोका, दादा. असं पोरगं ज्या घरात हाय, त्या घरची पोरगी मी हातापाया पडून नेली पायजे."

दादांना आता नकाशावर बोट ठेवायला काही उरलं नव्हतं. समोर फेटा काढून उभा राहिलेला माणूस होता, आणि सगळं गाव पाहत होतं. त्यांना मोठं मन दाखवायची अशी संधी परत आली नसती. ती त्यांनी घेतली. साक्षगंध त्याच आठवड्यात झालं. ताईची बोटं माय रोज लिंबानं घासत होती, तरी नखांच्या कडेला थोडं काळं राहिलंच. प्रभाकररावांची बोटंही तशीच होती.

साहेब निघताना ओसरीत थांबले होते. त्यांचं खरं काम नळीत सुखरूप होतं, त्यामुळे ते रागावलेले नव्हते. त्यांनी काळ्या नकाशाची कड धरून उजेडात तिरकी केली, चष्मा काढला, परत लावला. मग माझ्या हातांकडे पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. "काजळी फार एकसारखी धरली आहे," एवढंच ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मी आयुष्यभर कबुल्या देत आलो. बायकोला, मुलांना, कचेरीतल्या साहेबांना, ज्या गोष्टी माझ्या नव्हत्या त्यांच्याही. लोक कंटाळले. ती एक कबुली मात्र साफ खोटी होती, आणि तेवढ्या एकाच गोष्टीचं मला कधी वाईट वाटलं नाही.

परवा खैरखेडला गेलो होतो. ताई ओसरीत नातीसाठी काजळ पाडत बसली होती. प्रभाकरराव आत झोपले होते. मी तिला म्हटलं, "हे सगळं लिहून राह्यलो. नकाशाचंही लिहू काय? आता कोन काय म्हनन?"

तिनं तांब्याच्या वाटीवरची काजळी बोटानं चाचपली.

"लिही की. पन तूच केलं म्हनून नको लिहू. तुह्या हातची धरलेली काजळी लोकायनं पाह्यली नाई, म्हनून खपून गेलं."

तर ते नीट लिहून ठेवतो. त्या नकाशावर सातपुड्यापासून संग्रामपूरपर्यंत काजळी एकसारखी होती, आणि कुठेही बोटाचा ठसा नव्हता.